आईचा दम, माझी दटावणी आणि गुरुवारचा फोन

पऱ्हाटी | १४ मार्च, रात्री १०:२०

माझ्या आईला सीओपीडी आहे, म्हणजे श्वासनळ्या अरुंद होऊन कायम दम लागण्याचा फुफ्फुसाचा आजार. वय ६८. आयुष्यात बिडी-सिगारेटला हात लावला नाही, पण काटोल तालुक्यातल्या आमच्या घरी तिने तीस-बत्तीस वर्षं चुलीवर स्वयंपाक केला. जळण म्हणजे पऱ्हाट्या आणि तुराट्या. कापूस निघाला की पऱ्हाट्या उपटून आणायच्या, परसात रचायच्या आणि वर्षभर जाळायच्या. स्वयंपाकघराला एक झरोका. धूर गेला तर तिथूनच जायचा. माझ्या आयडीचं नाव त्यावरूनच घेतलंय. सहा वर्षांपूर्वी बाबा गेले आणि मी तिला नागपूरला, मानेवाड्याला माझ्याकडे आणलं.

दम लागतो हे ती कधी बोललीच नाही. बाजारातून येताना मध्येच एखाद्या दुकानासमोर उभी राहायची, भांडी नाहीतर साड्या बघत. मला वाटायचं हिला बघायची हौस आहे. ती श्वास गोळा करत होती, हे मला फार उशिरा कळलं. तीन वर्षांपूर्वी हिवाळ्यात खोकला हटेना तेव्हा स्पायरोमेट्री झाली. जोरात फुंकल्यावर पहिल्या सेकंदात जेवढी हवा बाहेर यायला हवी, त्याच्या ४१ टक्केच येत होती.

पुढचं लिहिताना वाईट वाटतं, पण त्यासाठीच हा धागा काढलाय. मी तिची पोलीस झाले. ऑफिसातून फोन करून "पंप घेतला का? चाललीस का? परत उदबत्ती लावलीस ना?" ऑक्सिमीटर दिवसातून दहा वेळा बोटाला. ९१ दिसलं की माझा चेहरा उतरायचा आणि तो तिला दिसायचा. मग ती लपवायला लागली. खोकला आला की बाथरूममध्ये जाऊन नळ सोडायची. थुंकी पिवळी झाल्याचं तिने चार दिवस सांगितलं नाही आणि पाचव्या दिवशी आम्ही दवाखान्यात. दोन हिवाळ्यांत तीनदा ॲडमिट.

तिसऱ्यांदा घरी सोडताना तिच्या छातीच्या डॉक्टरांनी एक वेगळी सोय सांगितली. त्यांच्याकडची एक फिजिओथेरपिस्ट मुलगी दर गुरुवारी अकरा वाजता फोन करणार, वीस मिनिटं, बारा आठवडे. बोलणार आईशी, माझ्याशी नाही. मला ते आवडलं नव्हतं. आईचं सगळं मी बघते, मग माझ्याशी का नाही?

पहिला फोन मी शेजारी बसून ऐकला. ती मुलगी म्हणाली, "काकू, रिपोर्ट मी वाचलेत. मला एवढंच सांगा, या दमापायी तुमचं काय राहून गेलंय?"

आई गप्प. इतकी गप्प की फोन कटला असं वाटलं. मी बोलायला तोंड उघडलं, पण तिकडून ती मुलगीही गप्पच होती. थांबून राहिली होती. मग आई म्हणाली, "मले गच्चीवर जायचं हाय. दोन उन्हाळे झाले, कुरडया घातल्या नाही मी."

दोन वर्षं मी कुरडया दुकानातून आणत होते आणि वर सांगत होते की आता तुला त्रास नको.

गच्चीला १९ पायऱ्या आहेत. मुलीने विचारलं, शून्य ते दहामध्ये सांगा, जमेल याची किती खात्री वाटते? आई म्हणाली चार. मी असते तर म्हटलं असतं, "चारच का गं? मनात आणलं तर सगळं जमतं." ती म्हणाली, "चार म्हणजे बरीच आहे की काकू. दोन का नाही म्हणालात?" आणि आई सांगू लागली. सकाळचा पंप घेतला की अर्ध्या-पाऊण तासाने छाती मोकळी असते. कठडा उजव्या हाताला आला तर बरं पडतं. मधल्या वळणावर स्टूल ठेवलं तर बसता येईल. सगळं तिनेच सांगितलं, मुलीने फक्त परत म्हणून दाखवलं.

ओठांचा चंबू करून हळू श्वास सोडायला तिला दवाखान्यात दोनदा शिकवलं होतं, पण लक्षात राहत नव्हतं. या मुलीने विचारलं, "काकू, फुंकणीने चूल कशी फुंकत होता?" आईने लगेच गाल सैल सोडून, ओठ आवळून लांब फुंकर मारली. "बस, हेच. फक्त विस्तव भडकवायचा नाही, नुसता जागा ठेवायचा. नाकाने दोन मोजेपर्यंत आत, फुंकणीतून चार मोजेपर्यंत बाहेर." फुफ्फुसात कोंडून राहिलेली हवा अशाने बाहेर पडते, बारीक नळ्या लवकर मिटत नाहीत आणि पुढच्या श्वासाला जागा होते. ज्या फुंकणीने छाती गेली तीच आता कामाला आली, असं आई म्हणाली. मला रडू आलं.

तिसऱ्या आठवड्यात व्हिडिओ कॉल होता. "काकू, रोज घेता तसा पंप घेऊन दाखवा." आईने रोटाहेलरमध्ये, म्हणजे तिच्या पावडरच्या पंपात, कॅप्सूल घातली, फिरवली, तोंडात धरली आणि आधी त्याच्यातच श्वास सोडला. मग ओढला. श्वासाची वाफ लागून पावडर ओली व्हायची आणि आतच चिकटून राहायची. उघडून पाहिलं तर अर्धी कॅप्सूल तशीच. श्वास सोडायचा तो यंत्र तोंडापासून लांब धरून. मग ओठ घट्ट मिटून जोरात, खोलवर ओढायचं आणि दहा सेकंद रोखायचं. तीन वर्षं औषध अर्धं वाया गेलं. मी रोज विचारत होते, घेतला का. कसा घेते हे एकदाही पाहिलं नाही.

आज नववा आठवडा आहे. या हिवाळ्यात त्यानंतर ॲडमिट व्हावं लागलेलं नाही. पुन्हा तपासलं तर स्पायरोमेट्रीचा आकडा फारसा हलणार नाही, डॉक्टरांनी ते स्पष्ट सांगितलंय. पण आई आता नळ सोडून खोकत नाही.

माझे प्रश्न दोन. तुमच्या घरी कोणाचा असा अनुभव आहे का? आणि तीन आठवड्यांनी हे फोन बंद होतील, तेव्हा मी पुन्हा पोलीस होऊ नये म्हणून काय करू?

पुण्याहून_मेघा | १४ मार्च, रात्री ११:०५

नळ सोडून खोकण्याचं वाचून थांबले. माझे सासरे टीव्हीचा आवाज वाढवायचे. आत्ता लक्षात आलं.

महालवाला | १५ मार्च, सकाळी ८:१५

ताई, तुमच्या आईंना बरं वाटतंय याचा आनंद आहे. पण मनातलं बोलतो, राग मानू नका. माझ्या काकांनी चाळीस वर्षं कळमन्याच्या बाजारात मिरचीची पोती वाहिली. वरून बिडी. आता बाजेवरून उठून न्हाणीपर्यंत गेले की वाकून उभे राहतात. सरकारी दवाखान्यात सकाळी सातला नंबर लावला तर एकला डॉक्टर भेटतात, आणि त्यांच्यासमोर शंभर माणसं उभी. ते बिचारे दोन मिनिटांत काय ऐकतील? पंप महिनाभर पुरवून वापरायचा म्हणून काका दोन वेळेचा एकच वेळ घेतात. आमच्याकडे औषधाचीच मारामार, तिथं दर गुरुवारी फोन करणारं माणूस कुठून आणायचं? चार पैसे असलेल्यांचंच हे काम वाटतं.

सावली | १५ मार्च, सकाळी ९:४०

बाबांना सीओपीडी आहे आणि बिडी सुटत नाही. मी खिसे तपासते. चपलांच्या खोक्यात सापडली, कुंडीमागे सापडली. सापडली की भांडण, मग दोन दिवस अबोला, मग परत तेच. पऱ्हाटी, तुमचा धागा वाचून रात्री झोप आली नाही. पण गप्प तरी कशी बसू? समोर माणूस स्वतःचा जीव घेतोय.

नीलपंख | १५ मार्च, दुपारी २:३०

मी नागपुरातच श्वसनविकारांच्या फिजिओथेरपीत आहे आणि असे फोन करते. (पऱ्हाटीताईंच्या आईंना फोन करणारी मी नव्हे.) थोडं सविस्तर लिहिते.

सुरुवातीची काही वर्षं मी फक्त समजावून सांगायची. तक्ते, फुफ्फुसाचं प्लॅस्टिकचं मॉडेल, सगळं. एक निवृत्त मास्तर माझ्याकडे यायचे. प्रत्येक वाक्याला मान हलवायचे, "बरोबर आहे मॅडम". दोन महिन्यांनी कळलं की त्यांनी यातलं काहीच केलं नव्हतं. मी विचारलं तर म्हणाले, "तुम्ही इतकं जीव तोडून सांगत होता, नाही कसं म्हणू?" त्या दिवशी मला समजलं की मी बोलत होते आणि ते मला सांभाळून घेत होते.

या बोलण्याची पद्धत विल्यम मिलर या मानसशास्त्रज्ञाने आधी दारू सोडवण्याच्या कामात मांडली, १९८३ साली. पुढे स्टीफन रोलनिकसोबत त्यांनी ती वाढवली. मुद्दा साधा आहे. एखादी गोष्ट करावी की न करावी असं माणसाच्या मनात दोन्ही असतं. आपण "कर" या बाजूने जोर लावला की तो आपोआप "नको" ची बाजू लढवतो. सावली, तुमच्या घरी हेच होतंय. बिडी वाईट हे तुम्ही बोलता, मग बाबांना बोलायला फक्त बिडीची बाजू उरते.

एकदा खिसे न तपासता विचारून बघा, "बाबा, बिडीबद्दल बोललं तर चालेल का?" नाही म्हणाले तर खरंच सोडून द्या. हो म्हणाले तर विचारा, बिडीने काय मिळतं आणि काय जातं. दोन्ही विचारा. पहिला प्रश्न विचारायला जीव धजत नाही, पण तो विचारल्याशिवाय दुसऱ्याचं खरं उत्तर येत नाही. तयारी दिसली की तंबाखू सोडण्यासाठी सरकारची मोफत हेल्पलाइन आहे, १८००-११-२३५६. सिगारेटच्या पाकिटावर छापलेला असतो तोच नंबर. निकोटिनच्या गोळ्या, च्युइंगगम डॉक्टरांना विचारून. नुसत्या निर्धारावर सोडणं फार कठीण असतं, त्यात बाबांचा दोष नाही.

महालवाला, तुमचं म्हणणं खोटं नाही. औषध नसेल तर गप्पांनी नळ्या उघडत नाहीत. पण काका दोन वेळेचा पंप एकदाच घेतात हे त्यांनी डॉक्टरांना सांगितलंय का? बहुतेक जण सांगत नाहीत, ओरडा बसेल म्हणून. डॉक्टरांना कळलं तर ते स्वस्तातलं जेनेरिक किंवा दवाखान्यातून मिळणारं औषध लिहून देऊ शकतात. काकांचा पंप दाबायचा असेल तर स्पेसर (पंप आणि तोंड यांच्यामध्ये लावायची पोकळ नळी) हवाच, नाहीतर बरंचसं औषध घशातच बसतं. तोही परवडत नसेल तर ५०० मिलीच्या प्लॅस्टिक बाटलीच्या बुडाला पंपाच्या तोंडाच्या मापाचं भोक पाडून तो घट्ट बसवतात आणि बाटलीच्या तोंडाने श्वास घेतात. दक्षिण आफ्रिकेत हीदर झार यांनी १९९९ मध्ये दमा उसळलेल्या मुलांवर असा बाटलीचा स्पेसर तपासला होता आणि तो विकतच्या स्पेसरइतकाच उपयोगी पडला. मात्र बनवल्यावर एकदा डॉक्टर किंवा नर्सला दाखवा.

आणि फोन करणारं माणूस पदवीवालंच हवं असं नाही. ज्याला न रागावता ऐकता येतं, दर आठवड्याला ठरल्या वेळी जो विसरत नाही, आणि दुखणं वाढलं तर "डॉक्टरकडे चला" म्हणण्याइतकं ज्याला कळतं, असं माणूस हवं.

अंबाझरी_सकाळ | १५ मार्च, संध्याकाळी ६:५०

छान चर्चा. एक भर. मार्च निम्मा झाला, आता घरोघरी कूलर निघतील. वर्षभर माळ्यावर पडलेल्या गवताच्या जाळ्या तशाच ओल्या करून लावल्या की पहिले दोन दिवस जो कुबट वास येतो, ती बुरशी असते. माझ्या मोठ्या बहिणीला दोन वर्षं एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातच दम वाढायचा. जाळ्या नव्या घातल्या, टाकी घासून घेतली आणि दर तिसऱ्या दिवशी पाणी बदलायला लागलो तेव्हा थांबलं. कूलर साफ करताना दमेकऱ्याने त्या खोलीत थांबू नये.

वैद्यकी | १६ मार्च, सकाळी ७:३०

मी डॉक्टर आहे, छातीरोगतज्ज्ञ नाही. रुग्णाला अशी शिकवत, बोलत साथ देण्यावरचे (याला कोचिंग म्हणतात) अभ्यास थोडेफार वाचले आहेत आणि चित्र सरळ नाही, म्हणून लिहितो.

कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात सात रुग्णालयांच्या १९१ रुग्णांवर एक अभ्यास झाला, २००३ साली प्रसिद्ध झाला. ज्यां बूर्बो आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा. अर्ध्या रुग्णांच्या घरी सात-आठ आठवडे दर आठवड्याला तासभर जाऊन शिकवलं, नंतर दरमहा फोन. वर्षभरात दम उसळून ॲडमिट होण्याचं प्रमाण जवळजवळ ४० टक्क्यांनी कमी झालं. त्यानंतर सगळीकडे उत्साह.

मग अमेरिकेत माजी सैनिकांच्या २० रुग्णालयांत तसंच काहीसं केलं. ४२६ रुग्ण. वर्ग घेतले, लेखी योजना दिली, दम उसळला तर घ्यायची औषधं घरी ठेवायला दिली, फोनही केले. तो अभ्यास मध्येच थांबवावा लागला. शिकवलेल्या गटात २८ मृत्यू, नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत १०. हे २०१२ मध्ये प्रसिद्ध झालं आणि कारण संशोधकांनाही नक्की सापडलं नाही. हे आकडे कोणाला घाबरवायला देत नाही. पण "घरच्या घरी सांभाळा" असं म्हणून कागद आणि गोळ्या हातात देणं म्हणजे कोचिंग, असं कोणी समजू नये.

तिसरा अभ्यास पऱ्हाटीताईंच्या अनुभवाच्या सगळ्यात जवळचा. मेयो क्लिनिकमधला, म्हणजे अमेरिकेतलं, आपलं सीए रोडचं मेयो नव्हे. रॉबर्टो बेंझो यांचा, २०१६ चा. दम उसळून ॲडमिट झालेल्या रुग्णांना घरी सोडल्यावर कोच फोन करत असे, नीलपंख म्हणतात त्याच पद्धतीने. पहिल्या सहा महिन्यांत पुन्हा ॲडमिट होणं स्पष्ट कमी झालं. वर्ष संपेपर्यंत मात्र फरक पुसट झाला.

ताई, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मला तिथे दिसतं. नातं थांबलं की परिणामही ओसरतो. बारा आठवड्यांनंतर काय, हे बाराव्या आठवड्याच्या आधी ठरवा. आणि तीन खुणा घरातल्या सगळ्यांना पाठ हव्यात: दम नेहमीपेक्षा जास्त, थुंकी नेहमीपेक्षा जास्त, थुंकीचा रंग पिवळा-हिरवा. यातल्या दोन दिसल्या आणि त्यात रंग बदललेला असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. ओठ निळे, बोलताना वाक्य तुटणं, गुंगी किंवा बरळणं असेल तर फोन नाही, थेट दवाखाना.

महालवाला | १६ मार्च, दुपारी १:००

नीलपंख, काकांना विचारलं. सांगितलं नव्हतं डॉक्टरांना. "त्यांना काय सांगू, माझ्याजवळ पैसे नाही म्हणून?" असं म्हणाले. पुढच्या वेळी मी सोबत जातो.

जुना_कंडक्टर | १६ मार्च, रात्री ९:१०

राम राम मंडळी. नातू टाइप करून राहिला, मी सांगून राहिलो. वय ७१. एसटीत ३२ वर्षं कंडक्टर होतो, गणेशपेठ स्टँडवरून गाड्या काढल्या. बिडी तेव्हाच लागली, सोडून नऊ वर्षं झाली. आता घरी ऑक्सिजनचं मशीन हाय, रोज १५ तासांच्या वर लावा लागते.

तुम्ही सगळे आमच्याबद्दल बोलून राहिले, म्हणून म्हटलं आम्हीही बोलावं.

दम लागला की काय होते ते सांगतो. भरल्या गाडीत मागच्या दारातून समोर जाताना जसं चहूकडून दाबते ना, तसं. फक्त इथं उतरायला स्टॉप नाही. रात्री दोन वाजता लागला की वाटते आता संपलं. त्या वेळी बायको धावत येते, पोरगा धावत येतो, कोणी पाठ चोळते, कोणी "घाबरू नका" म्हणते. अन् त्यायच्याच डोळ्यात भीती पाहून मले जास्त दम लागते. मले पाहिजे काय, तर खिडकी उघडा, छोटा पंखा तोंडावर धरा, मले टेबलावर हात टेकून वाकून बसू द्या अन् बोलू नका. हे मी तीन वर्षं कोणाले सांगितलं नव्हतं. कोणी विचारलंच नाही. विचारलं ते फिजिओवाल्या बाईनं.

दुसरी गोष्ट. मागल्या वर्षी बोटाचं मशीन ८९ दाखवून राहिलं म्हणून पोरानं घाबरून ऑक्सिजन दोनवरून पाचवर केला. सकाळी मी उठूनच राहिलो नाही. नुसता गुंगलो. दवाखान्यात नेलं तेव्हा समजलं का आमच्यासारख्यांले जास्त ऑक्सिजनही बाधते. आता डॉक्टरनं मशीनवर पट्टी चिकटवून देली, दोनच्या वर नाही. पोरगा त्या दिवसापासून स्वतःले दोष देऊन राहिला. त्याचा दोष नाही. त्याले ९८ म्हणजे चांगलं एवढंच माहीत होतं.

पऱ्हाटीबाई, तुम्ही पोलीस झाल्या म्हणून मनाले लावून घेऊ नका. तुमच्या आईले माहीत असन का पोरगी भीतीपोटी ओरडते. पण बोटाचं मशीन कपाटात ठेवा. दिवसातून एकदा, अन् तेही आईच्या हातानं.

वैद्यकी | १६ मार्च, रात्री १०:००

कंडक्टर काकाजी, हे तुम्ही सांगितलं हे फार बरं झालं. ज्यांच्या अंगात कार्बन डायऑक्साइड साठतो अशा सीओपीडीच्या रुग्णांत ऑक्सिजन ८८ ते ९२ टक्क्यांमध्ये ठेवतात. निरोगी माणसाचा ९८ चा आकडा त्यांना लागू नाही. प्रत्येकाचा आकडा त्याच्या डॉक्टरांकडून लिहून घ्या.

सावली | २१ मार्च, रात्री ११:३०

विचारलं. "बोललं तर चालेल का?" असंच विचारलं. बाबा बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, बिडी ओढताना एकटं बसायला मिळतं. घरात सारखं कोणीतरी विचारत असतं, बिडी घेऊन मागे गेलो की कोणी येत नाही. पंचवीस वर्षांत हे मला माहीत नव्हतं. बिडी सुटलेली नाही. पण आज संध्याकाळी आम्ही दोघं मागच्या अंगणात खुर्च्या टाकून बसलो आणि मी काहीच विचारलं नाही. त्या तासाभरात त्यांनी एकच ओढली.

नीलपंख | २२ मार्च, सकाळी ९:००

सावली, तुमचा प्रतिसाद मी दोनदा वाचला. घाई करू नका.

पऱ्हाटी | ६ एप्रिल, रात्री ९:४५

गुरुवारी बारावा फोन झाला, त्यामुळे सांगायला आले.

गहू सोमवारीच भिजत घातले होते. चीक मी खाली गॅसवर शिजवला, वाफेत आईने उभं राहू नये म्हणून. आठ वाजता पंप, चूळ भरून झाली, पाऊण तास थांबली. मग निघाली. मी मागे होते, हात न लावता. असं ठरलं होतं आणि ते पाळणं मला फार जड गेलं. पाय उचलताना फुंकणी, पाय टेकल्यावर नाकाने श्वास. सातव्या पायरीवर थांबली. वळणावरच्या स्टुलावर बसली, मी घड्याळ बघणार होते पण बघितलं नाही. तेराव्या पायरीवर पुन्हा थांबली आणि मला म्हणाली, "तू काहून श्वास रोखून उभी हायस?" खरंच रोखला होता मी.

वर गेल्यावर खुर्चीत बसून तिने सोऱ्या हातात घेतला. दाबायला जोर लागतो, ते काम मी केलं, धोतरावर गोल फिरवायचं तिने. चौदा कुरडया तिच्या, पुढच्या माझ्या. माझ्या वाकड्या आल्या तर म्हणाली, हात सैल सोड. साडेदहाला ऊन चढायच्या आत खाली.

ऑक्सिमीटर आता तिच्या डब्यात असतो. आकडा ती कालनिर्णयवर लिहिते, शेजारी थुंकीच्या रंगाची खूण, पांढरी असेल तर नुसती टिंब. मी संध्याकाळी कॅलेंडर बघते, तिला विचारत नाही. मागच्या आठवड्यात दोन दिवस तिने टिंबाऐवजी गोल काढला आणि स्वतःच म्हणाली, उद्या डॉक्टरले फोन लाव. लावला, गोळ्या बदलून दिल्या, घरीच भागलं. कूलरच्या जाळ्या नव्या घातल्या, अंबाझरी_सकाळ, आभार.

पुढचं आम्ही फिजिओच्या मुलीसोबत ठरवलंय. ती महिन्यातून एकदा फोन करेल. बाकीच्या गुरुवारी अकराला आईला सवयीने फोनजवळ बसावंसं वाटतं. तिला मी या धाग्यातलं सगळं वाचून दाखवते. कंडक्टर काकाजींचं वाचलं तेव्हा तिने दोनदा वाचायला लावलं. काल म्हणाली, "त्या मिरचीवाल्या बुवाले कोणी फोन करते का? मी करीन. औषधाचं मी काही सांगणार नाही, नुसतं बोलीन."

महालवाला, काकाजींची हरकत नसेल तर त्यांचा नंबर व्यनि (व्यक्तिगत निरोप) कराल का?

महालवाला | ७ एप्रिल, सकाळी ७:०५

काकांना विचारून व्यनि केला आहे. दवाखान्यात सोबत गेलो होतो, पंप आता तिथूनच मिळतो, दोन्ही वेळ घेतात. आईंना सांगा, काकांना डाव्या कानाने कमी ऐकू येतं. जरा मोठ्याने बोला, आणि उचलायला वेळ लागला तरी ठेवू नका, बाजेवरून उठेपर्यंत रिंग संपते त्यांची.